चाळीस मिनिटं वजा

बुधवारी सकाळी आईचा फोन आला. "बाबा गेला गो," एवढंच म्हणाली. मी पनवेलहून वाशीला पोचले तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन बसले होते आणि दाखल्यावर लिहायची म्हणून आईला वेळ विचारत होते. आई म्हणाली, "सव्वासात." त्यांनी पेन टेकवलं, तसा तिने हात पुढे केला. "थांबा. त्यातनं चाळीस मिनिटं वजा करा." डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. धक्क्याने काहीतरी बोलतेय असं त्यांना वाटलं असणार. मी म्हटलं, सहा पस्तीस लिहा. मग मला भिंतीवरच्या त्या घड्याळाचा असा काही राग आला, की रडायचं राहूनच गेलं. माणूस गेला तरी ह्या घरात खरी वेळ कुणाला सांगता येत नाही...

आता दीड महिना झाला. लोक भेटतात, म्हणतात, वडील फार शिस्तीचे होते हो. मी मान हलवते. शिस्त हा शब्द ज्यांना बाबाबरोबर एका घरात राहावं लागलं नाही त्यांच्यासाठी आहे. आमच्याकडे उरणच्या बाजूला बापाला अरे-तुरे करतात, म्हणून इथेही तसंच लिहितेय. अहो-जाहो लिहायला गेले तर ते दुसऱ्याच कुणाचे तरी वडील वाटतील.

बाबा, म्हणजे नारायण घरत, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होता. कामगार आत आले की त्यांच्या कार्डावर वेळ छापून घ्यायची आणि तीन मिनिटं उशीर झाला की लाल पेन्सिलीने खूण करायची, हे त्याचं काम. हाताखाली कुणी नव्हतं, त्यामुळे घरी आल्यावर त्याला मी मिळाले. सत्तरच्या दशकात, खाडीवरचा पूल नवा असताना, आम्ही वाशीच्या ह्या दोन खोल्यांत आलो. मी पाचवीत गेले तेव्हा त्याने कारखान्यातली कोरी कार्डं आणून दाराच्या मागे टांगली. अभ्यासाला बसले की वेळ लिहायची, उठले की लिहायची, आणि पुढे विषय. पाच वाजता बसायचं असेल आणि पाच वाजून चार मिनिटं झाली, तर लाल खूण. लघवीला गेलं तरी लिहावं लागे. हे मी एकदा मैत्रिणींना सांगितलं, तर वर्षभर त्या मला 'पहिली पाळी' म्हणत होत्या.

प्रगतिपुस्तकावर सही करायच्या आधी तो पंधरा मिनिटं बघत बसे. गणितात ब्याऐंशी मिळाले होते त्या वेळी त्याने चष्मा काढून अगदी शांतपणे विचारलं, "अठरा कुठं सांडले?" मी खरोखरच खाली जमिनीकडे पाहिलं. आई आतून म्हणाली, "सही कर ना, पोर उभी हाय कवाची." त्याने सही केली, पण अठरा हा आकडा प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवला.

ह्या सगळ्यामागे मोऱ्याची लाँच होती. ती गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती, की बाबाने श्वास घेतला तरी पुढचं वाक्य मला यायचं. सतरा-अठरा वर्षांचा असताना मुंबईत इंजिनियरिंगच्या डिप्लोमाची प्रवेशपरीक्षा होती. गावातून उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर तो चालत आला, आणि लाँच नुकतीच सुटलेली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी पुढची लाँच दोन तासांनी. परीक्षा गेली, डिप्लोमा गेला, आणि आयुष्यभर तो दुसऱ्यांचे उशीर मोजत बसला. "पाच मिनटं," असं म्हणून तो हाताची पाचही बोटं दाखवायचा. त्या पाच मिनिटांची भरपाई म्हणून मी इंजिनियर व्हायचं होतं. मला इंजिनियर व्हायचंय का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. खरं सांगायचं तर मलाही तो सुचला नाही.

आणि म्हणूनच ते घड्याळ. आईच्या लग्नात मामाने दिलेलं, चावीचं, लोलकाचं, टोल्यांचं. दर रविवारी चावी. मी शाळेत जायला लागल्यावर बाबाने ते दहा मिनिटं पुढे केलं. आम्ही दहा मिनिटं वजा करायला लागलो, हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून वीस. वीसची सवय झाली, तेव्हा तीस. दहावीपर्यंत चाळीस झाली होती. घरात सगळ्यांना ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक. शेजारच्या काकू वेळ विचारायला आल्या तर 'घरतांची की खरी?' असं विचारायच्या. फक्त बाबाला वाटायचं, की ह्याचा उपयोग होतो. मी एकदा त्याला समजावून सांगितलं, की बाबा, सगळेच वजा करत असतील तर पुढे कशाला ठेवायचं? तो म्हणाला, "एखाद्या दिवशी वजा करायला विसरशील, तेव्हा कामाला येईल."

ब्याऐंशीच्या मार्चात माझी दहावी. केंद्र आलं बेलापूरला. परीक्षेच्या महिनाभर आधी रेडिओ कपाटात गेला, किल्ली बाबाच्या खिशात. पहिल्या तीन पेपरांना तो रजा टाकून मला स्वतः घेऊन गेला, तेही असं, की अकराच्या पेपराला आम्ही नऊला फाटकाशी हजर. सावली नाही, बसायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी उन्हात उभी राहून माझ्या नाकातून रक्त आलं आणि पेपरावर दोन थेंब पडले. त्या संध्याकाळी आई त्याला खूप बोलली. चौथा पेपर भूमितीचा. त्या दिवशी त्याला रजा मिळाली नाही, पहिली पाळी होती, सहाला घर सोडायचं होतं.

पुढचं त्याच दिवशी संध्याकाळी जुळवून कळलं, ते सांगते. टोल्यांचं घड्याळ काटे मागे फिरवून लावता येत नाही, टोले चुकतात. मागे आणायचं तर लोलक थांबवायचा, तेवढी मिनिटं वाट पाहायची, आणि पुन्हा चालू करायचं. त्या पहाटे बाबाने लोलक थांबवला आणि बंद घड्याळासमोर स्टूल टाकून चाळीस मिनिटं बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घड्याळ बरोबर लावलं. का, तर पोरीला सावकाश उठता यावं, सावकाश जाता यावं. आईला सांगितलं असतं तर भागलं असतं. पण नाही. त्याने चिठ्ठी लिहिली आणि माझ्या कंपासपेटीत ठेवली, कारण भूमितीच्या पेपराआधी कुठलाही शहाणा विद्यार्थी कंपासपेटी उघडून पेन्सिलीला टोक करतो. मी टोक आदल्या संध्याकाळीच करून ठेवलं होतं.

आईने त्याला पहाटे घड्याळापुढे पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "तुझा बाप सकाळी घड्याळाला लागला होता. अजून पुढं केलं असेल. तू पन्नास धर." मी पन्नास धरले. घड्याळात दहा पस्तीस झाले तेव्हा मी पावणेदहा झाले असं समजून, केस पुन्हा एकदा विंचरून, निवांत घराबाहेर पडले. बसथांब्यावर परीक्षेचं एकही पोर नव्हतं. मला वाटलं, मी फार लवकर आलेय. बसमध्ये तुर्भ्याच्या पुढे शेजारच्या माणसाच्या मनगटावर नजर गेली. अकराला पाच कमी.

मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. समोर बेलापूरजवळच्या दिवाळे गावची एक बाई रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती, मासळी विकून घरी निघालेली. तिने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती उठून थेट ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हाकल रं दादा जरा, पोरीची परीक्षा हाय." मधल्या दोन थांब्यांवर कुणाला उतरायचं असेल तर आत्ताच बोला, असं तिने साऱ्या बसला विचारूनही घेतलं. तिचं नाव मला माहीत नाही. वर्गात शिरले तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. साडेअकरापर्यंत आत घेत असत, म्हणून घेतलं.

बसले आणि कंपासपेटी उघडली. चिठ्ठी. पर्यवेक्षक बाईंनी ती झडप घालून उचलली. मला वाटलं, संपलं. त्यांनी उघडली, वाचली, परत वाचली. 'घड्याळ बरोबर लावले आहे. सावकाश जा. बाबा.' त्या वाकून हळूच म्हणाल्या, "हे कितव्या प्रश्नाचं उत्तर आहे?" मग चिठ्ठी टेबलावर ठेवून दिली आणि पेपर संपल्यावर मला परत केली.

संध्याकाळी बाबा दारातच उभा होता. किती राहिलं, असं त्याने विचारलं. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, पंचवीस मिनिटं गेली, दोन प्रमेयं राहिली. तो खाली बसला. बराच वेळ त्या चिठ्ठीच्या घड्या घालत राहिला, मग उठला आणि घड्याळाचा काटा पुन्हा चाळीस मिनिटं पुढे सरकवला. दुसरा कुणी असता तर त्याने ह्या प्रकारानंतर घड्याळ कायमचं बरोबर लावलं असतं. बाबाने काय धडा घेतला, तर पोरीला सवलत द्यायची नसते.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळं ठीक, भूमितीत काठावर. सायन्सला प्रवेश मिळाला नाही, आर्ट्सला गेले, पुढे पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. आणि इथून बाबाने मोऱ्याची लाँच सोडली आणि माझी भूमिती धरली. नातेवाईक येवोत, गॅसवाला येवो, बाबा सुरू. "ही इंजिनियर झाली असती. मी घालवलं. घड्याळ बरोबर लावलं नसतं तर..." मला बघायला आलेल्या माणसांनाही त्याने हे सांगितलं. माझ्या सासूबाई चहाचा कप हातात धरून मला न्याहाळत राहिल्या, ह्या मुलीत नक्की काय बिघडलंय म्हणून. दर वेळी मी चिडायचे, पुरे ना बाबा, असं म्हणायचे. त्याला वाटायचं, हिची जखम अजून ओली आहे. मग तो आणखी कळवळून सांगायचा.

जखम वगैरे काही नव्हती. त्या दिवशी पंचवीस मिनिटं उशिरा बसूनही, पेपर संपायला पंधरा मिनिटं उरली असताना माझं लिहून झालं होतं. त्या पंधरा मिनिटांत मी उत्तरपत्रिकेच्या समासाला रेघा मारत बसले. राहिलेली दोन प्रमेयं वर्तुळाची होती, आणि वर्तुळाचं प्रकरण मी वर्षभर उघडलंच नव्हतं. दाराच्या मागच्या कार्डावर 'पाच ते सहा, वर्तुळ' असं लिहून मी भूमितीच्या पुस्तकात कादंबरी ठेवून वाचायचे. लाल खूण एकही नाही. मला दिवसभर पेपर मिळाला असता तरी तेवढेच मार्क पडले असते.

पहिल्या दिवशी भीतीने खोटं बोलले. पंधरा वर्षांची होते, ते मी स्वतःला माफ करते. पण नंतर? नंतर ते सोयीचं होतं. त्या एका वाक्याने मला इंजिनियर होण्यातून, 'अठरा कुठं सांडले'मधून सोडवलं. कारण सांडणारी मी नव्हते, तो होता. मला जन्मात एकदा त्याने सवलत दिली, आणि तीच मी चाळीसहून जास्त वर्षं त्याच्या विरुद्ध वापरली. मला माझी लाज वाटते, हे सरळच लिहिते.

त्याच्या शेवटच्या रविवारी मी ठरवून गेले होते. तेव्हा तो झोपूनच असायचा. आई मागच्या खोलीत होती. व्यायाम करवायला येणाऱ्या मुलीला तो माझ्यासमोर पुन्हा तेच सांगत होता, हिला मीच इंजिनियर होऊ दिली नाही. ती मुलगी गेली. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "बाबा, त्या भूमितीच्या पेपराचं मला तुला सांगायचंय."

त्याने भिंतीकडे पाहिलं. "सहा वाजले. निघ. गाडी चुकेल."

पाच वीस झाले होते. मला ठाऊक होतं. पोटात जन्मापासूनची वजाबाकी होती, पाहताक्षणी कळलं, की चाळीस मिनिटं हातात आहेत. आणि मी पर्स उचलली. पुढच्या रविवारी सांगते म्हटलं... सुटल्यासारखं वाटलं होतं तेव्हा, दहावीच्या त्या संध्याकाळसारखं.

मागच्या रविवारी चावी द्यायला गेले. आई वाल सोलत बसली होती. म्हणाली, "आता लाव बाई बरोबर एकदाचं. माझ्याच्यानं होत नाय वजा." मी लोलक धरून थांबवला, मोबाइलवर वेळ पाहिली आणि बाबाच्याच स्टुलावर बसले. चाळीस मिनिटं बसायचं होतं. काटे हलत नव्हते. त्यांच्याकडे बघत मी बोलायला लागले. कार्ड, कादंबरी, वर्तुळ, समासाच्या रेघा, सगळं सांगितलं. आई ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, "एवढंच होतं? सांगायचं ना गो त्याला. बिचाऱ्याला रागावायला तरी मिळालं असतं."

मोबाइल पाहिला. चार मिनिटं लागली होती.

पुढची मिनिटं मला तिथे बसवेना. मी लोलकाला बोट लावून तो पुन्हा चालू केला आणि उठले. आता आई फोनवर विचारते, किती वजा करायचे? मी सांगते, छत्तीस.