थोरल्या जाऊबाईंची गाडी

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं सगळ्यांना भारी कौतुक. मी मात्र त्यांच्यावर जळते. जळते तर जळते, लपवायचं काय त्यात?

घरची मोठी एसयूव्ही त्या चालवतात. प्रवाशांना स्टेशनवर सोडायचं, तिथून आणायचं, त्यावरच आमचं घर चालतं. गाडी उभी केली की त्या इंजिनाखाली कोरा पुठ्ठा सरकवतात आणि सकाळी तोंड धुवायच्या आधी तो ओढून बघतात. काळा डाग म्हणजे ऑइल. नुसतं पाणी म्हणजे एसीचं, सोडून द्यायचं. मग ऑइलची पट्टी काढून पुसणार, परत बुडवून बघणार. टायरला लाथ मारून हवेचा अंदाज घेणाऱ्यांतल्या त्या नाहीत, गेज लावूनच मोजणार. गल्लीत कुणाचीही गाडी कुरकुरली की, "थोरल्यांना बोलवा!" अरे, लायसन्स मीही काढलंय की! पण धाकटीला कोण विचारतंय? धाकटीने आपलं काचांवर फडकं मारायचं.

यंदा त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि जाऊबाई तिकडे जायला निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "ड्रायव्हर ठेवू या. हिच्या हातात दिली तर गाडी थेट भंगारात जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी तशीच काचांवर फडकं मारत राहिले. मला ती चावी हवी होती. हवी म्हणजे हवीच होती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर ओला डाग दिसला.

"एसीचं पाणी असेल," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी पुठ्ठा माझ्यापुढे धरला. "तू सांग गं."

बोट लावलं. बुळबुळीत, हिरवट. "कूलंट आहे, ताई."

"मग आता?"

मी तरातरा जाऊन बॉनेट उघडलं. इंजिन गार होतं, म्हणून रेडिएटरच्या झाकणाची भीती नव्हती. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं तर वाफेने तोंड भाजतं, हे फडकं मारता मारता मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. टॉर्च मारून बघितलं, तर खालच्या पाइपाची क्लिप ढिली. आवळली. कूलंट खुणेपर्यंत भरलं, झाकण लावलं, इंजिन चालू ठेवून खाली वाकले. थेंब नाही.

जाऊबाईही वाकून बराच वेळ बघत होत्या. काही चूक सापडते का तेच बघत असणार, मी काय ओळखत नाही त्यांना? सापडली नाही.

"चावी हिच्याकडेच राहू दे," त्या सासूबाईंना म्हणाल्या आणि बॅग भरायला आत गेल्या.

तेव्हापासून गाडी मी चालवते. प्रवासी आत बसले की पहिला प्रश्न, "आज थोरल्या वहिनी नाहीत?" मी दातओठ खाते आणि हसते. सासूबाई मात्र परवा माझ्याबरोबर दवाखान्यात जाऊन आल्या आणि वाटेत त्यांनी चक्क डुलकी काढली.

काल जाऊबाईंचा फोन आला. बाळ कसंय विचारायला मी तोंड उघडतेय, तोच, "हवा बघितलीस?"

"बघितली, ताई."

"ऑइल?"

"तेही बघितलं. अगदी मस्त चालतेय. सासूबाई तर म्हणतात, थोरलीने घाई करू नये, राहावं लेकीकडे निवांत."

पलीकडून बारीक आवाजात, "कुठे अडली नाही का गं? एकदाही?"

तो सूर मी लगेच ओळखला. इतकी वर्षं तो माझा होता.

"एकदाही नाही," मी म्हणाले, आणि मला फोन ठेवावासाच वाटेना.