आधी फडकं

आईवडिलांच्या खालोखाल माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते कोथरूडच्या काकूंचे. नात्याने त्या माझ्या कोणी नाहीत. निवृत्त शिक्षिका, आणि माझ्या घरमालकीण.

मी तालुक्याच्या गावी शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा काकूंची वरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच महिन्यात एका सकाळी नळाला पाणी नव्हतं. नळ तसाच उघडा टाकून मी कंपनीची बस गाठायला पळालो. दुपारी पाणी आलं आणि जिन्यावरून थेट काकूंच्या दारात उतरलं. संध्याकाळी त्या जिन्याशी उभ्या होत्या.

“अहो इंजिनिअर, खडकवासला आपल्या घरचं आहे का?”

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं. “माफी नंतर. आधी फडकं.”

सगळा जिना पुसून झाल्यावर चहा मिळाला. माफी मात्र राहूनच गेली.

त्या खोलीत मी चार वर्षं राहिलो. दर शनिवारी बाथरूमची फरशी भरपूर पाणी ओतून घासायची, हा काकूंचा नियम माझ्या अंगवळणी पडला. लग्नानंतर वर्षभरात कंपनीने मला जर्मनीला पाठवलं. बायको काकूंच्याच खोलीत मागे राहिली. तिच्या व्हिसासाठी घराचा पक्का करार हवा होता, आणि इथले घरमालक म्हणाले होते, “तीन महिने बघू, मग ठरवू.” ते राहायचे दुसऱ्या गावी. माझ्याबद्दल त्यांना जे कळणार ते खालच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या आजोबांकडून.

दुसऱ्याच शनिवारी मी बाथरूममध्ये दोन बादल्या ओतल्या, ब्रशने फरशी लख्ख घासली आणि पाणी लोटायला मोरीची जाळी शोधू लागलो. जाळी नव्हतीच. पाणी टबाखाली शिरून दिसेनासं झालं.

थोड्याच वेळात दाराखालून चिठ्ठी आली. पुण्यात क्लास लावून शिकलेलं जर्मन तेवढ्यापुरतं पुरलं. “माझ्या स्वयंपाकघरात पाऊस पडतो आहे. छत्री आपण आणता की मी आणू?”

ऑफिसमधल्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, “पाइप फुटला म्हणून सांग. कबूल केलंस तर करार विसर.”

मी चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि का कोण जाणे, भीती कमी झाली. असं बोलणाऱ्या माणसाच्या घरात मी चार वर्षं काढली होती. बादली आणि फडकं घेऊन मी खाली गेलो.

आजोबांनी दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे. “बूट बाहेर काढा.”

मी अनवाणीच होतो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि बाजूला झाले.

फरशी पुसली, शिडीवर चढून छत पुसलं. मग सांगितलं, “पाइप वगैरे काही फुटला नाही. मीच दोन बादल्या पाणी ओतलं.”

“कशासाठी?”

“फरशी धुवायला.”

“आणि ते पाणी जाणार कुठे होतं?”

मी फडकं बादलीत पिळलं. त्यांनी कॉफी ठेवली. घरमालकांनाही मी त्याच दिवशी सगळं खरं कळवलं. पुढच्या शनिवारी छतावरचा डाग रंगवायला गेलो. आजोबांनी शिडी धरली आणि माझ्या रंगकामातल्या चुका काढल्या.

तीन महिने झाले आणि घरमालकांचा पक्का करार आला. सोबत दोन ओळी होत्या: “खालचे म्हणतात, भाडेकरू राहू द्या. फक्त त्याची बादली काढून घ्या.”

त्या दिवशी काकूंना पत्र लिहिलं. त्यांना फोनवर लांबण लावलेली आवडत नाही.

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.
घराचा करार पक्का झाला. कागद आजच हिच्याकडे पाठवले आहेत, त्यामुळे व्हिसा मिळाला की आपली खोली रिकामी होईल. ही निघण्याआधी तिला एक सांगाल का? इथल्या बाथरूमला जाळी नसते. मी सांगितलं तर ती हसेल, आपण सांगितलंत तर लक्षात ठेवेल.
नळ उघडा राहिला त्या दिवशीची माफी मागायची राहिली होती. ती आता मागतो. इथे फडकं आधी मारून झालं आहे.
आपला,
वरच्या खोलीतला