वेली सुकल्या त्या साली

उमरोळी स्टेशनावरून खाडीच्या अंगाला चालत गेलं की नारळी-पोफळींच्या आडोशाने पानवेलींच्या वाड्या लागायच्या. त्यातल्या कमलाकांतच्या वाडीत येसूबाई अठरा वर्षं पानं खुडत होती. घर तिचं मांगेलआळीतलं, मासळीवाल्यांचं. नवरा वारल्यावर दिराने तिला होडीतली वाटणी दिली नाही, तेव्हा ती वाडीत आली ती तिथलीच झाली. अंगठ्याला पत्र्याची नखी लावून ती पान असं खुडायची की वेलीला हिसका बसत नसे. तिची मुलगी सुगंधा पडवीत बसून पानांच्या थप्प्या लावायची. त्या गावात पानावर सगळ्यांचंच पोट होतं. करंड्या विणणारे, केळीची पानं पुरवणारे, पालघर स्टेशनापर्यंत गाडी हाकणारे, आगगाडीत माल चढवणारे हमाल, सगळे पानावर जगत. पान गेलं तर काय, हे कुणी मनातसुद्धा आणत नसे.

वाडीचे नियम कडक होते. पायताण बाहेर, अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही, आणि बाईमाणसाने ‘त्या’ चार दिवसांत फाटकाकडे फिरकायचंही नाही. येसूबाईने हे अठरा वर्षं पाळलं. पण सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात ती चव्वेचाळिशीला आली होती, आणि तिच्या पाळीचा काही नेम राहिला नव्हता. दोन-दोन महिने काही नाही, आणि मग एकदम. चैत्रातल्या एका सकाळी मधल्या ओळीत पानं खुडता खुडता तिला कळलं. तिने नखी काढली, टोपली तिथेच ठेवली आणि सरळ मागच्या दाराशी जाऊन कमलाकांतच्या आईला, रत्नाबाईला, सांगितलं.

“काकी, मी बाहेरची झाले. आत होते तेव्हाच.”

“बरं केलंस सांगितलंस,” रत्नाबाई म्हणाली. तिने फाटकात गोमूत्र शिंपडलं. पाच दिवसांनी येसूबाई कामावर आली आणि ती गोष्ट विसरून गेली.

वैशाखात वेली माना टाकू लागल्या. आधी मधल्या ओळीतल्या, मग विहिरीकडच्या. पाणी भरपूर होतं. दोन वर्षांमागे कमलाकांतने रहाट काढून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं आणि ते दिवसभर पाणी ओढायचं. येसूबाईनेच शिमग्याच्या सुमाराला त्याला सांगितलं होतं, “भाऊ, पानी मचूळ लागतंय.” तो म्हणाला होता, “उन्हाळ्याचं पाणी तसंच लागतं.” आता तो शेणखत बदलत होता, मुळांशी राख घालत होता, आणि वेली खालून काळ्या पडत वर मरत चालल्या होत्या. मांडवाखालचा गारवा जाऊन तिथे ऊन उतरलं.

एका दुपारी रत्नाबाईने सगळ्या बायांना अंगणात उभं केलं. दुसऱ्या कुणालाच काही विचारलं नाही. येसूबाईकडे बघून म्हणाली, “मधल्या ओळीपासून सुरू झालं. तू कुठं होतीस गो त्या दिवशी?”

“मधल्या ओळीत.”

“मग?”

पाण्याचं येसूबाईच्या डोक्यातही आलं नाही. तिला वाटलं, खरंच असेल. इतकी वर्षं या वेलींनी आपल्याला जेवू घातलं, आणि आपल्याच अंगाने त्यांचा घात केला. कमलाकांत खांबाला टेकून उभा होता. तो खाली बघत राहिला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून येसूबाईला आणि सुगंधाला कुठल्याच वाडीत काम मिळेना. येसूबाईने सात शुक्रवार उपास धरले. रोज फाटकाबाहेर उभी राहून ती आतल्या वेलींना हात जोडायची. एक दिवस रत्नाबाईने तेही बंद करवलं.

मग मायलेकी तारापूरच्या बांधकामावर गेल्या. तिथे वीज केंद्राचं काम चाललं होतं आणि डोक्यावर घमेलं घेऊ शकणाऱ्या कुणालाही मुकादम कामावर घेत होता. सिमेंटने येसूबाईच्या बोटांना भेगा पडल्या. आजूबाजूला लांबून आलेली माणसं, हिंदीत हाका मारणारी. तिथे तिची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, आणि तिनेही सांगितली नाही.

दीड वर्षाने कमलाकांत त्याच कामावर आला. सिमेंटच्या गोदामात देखरेखीला. येसूबाईने त्याला ओळखलं, पण तो बराच वाळला होता. जेवणाच्या सुट्टीत तोच तिच्याजवळ आला.

“येसूबाय, आत्मारामची वाडीपण गेली.”

आत्मारामच्या वाडीत गडीच काम करत. बाईने तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं.

“कशानं?”

“सरकारी माणूस आला होता. बाटलीत पाणी भरून नेलं. म्हणाला, इंजिनांनी विहिरी उपसल्या, समुद्राचं मीठ आत आलं. ज्यांनी ज्यांनी इंजिन बसवलं त्यांच्या वेली जातायत.”

येसूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून बसली. “म्हंजे मी नाय केलं.”

“आईला सांगितलं मी. ती म्हणते, सुरुवात कुठून झाली ते मला ठाऊक हाय.”

“आनि तुमी? तुमाला काय वाटतं, भाऊ?”

तो गोदामाकडे बघत म्हणाला, “मला वाटून काय उपयोग? वेली तर राहिल्या नाहीत.”

तो उठून गेला. येसूबाईने भाकरी फडक्यात परत बांधली.

पुढच्या वर्षी सुगंधाचं लग्न ठरलं, कामावरच्याच एका फिटरशी. पानं पालघरच्या बाजारातून आणली होती, बाहेरगावाहून आलेली, जाडसर. विडे लावायला सगळ्यांनी येसूबाईला बसवलं. तिच्याइतकं पानातलं कळणारं घरात दुसरं कोण होतं? ती बसली, पण पानाला हात लावेना.

“राहीबाय, तू घे,” ती शेजारणीला म्हणाली.

सुगंधा हळदीच्या अंगाने तिच्याजवळ आली. “आई, वेली मिठानं मेल्या. तुला सांगितलं ना त्यांनी.”

“सांगितलं गो.”

“मग लाव की विडे.”

येसूबाईने नकारार्थी मान हलवली. राहीबाईने पाट पुढे ओढला आणि पानं पुसायला घेतली.