तुलसाबाईच्या नानकटाया

तुलसाबाईच्या हातच्या नानकटाया खाल्ल्या नाहीत असं घर गोंदियाजवळच्या गोरेगावात सापडणं कठीण होतं, आणि त्या तुलसाबाईच्या आहेत हे ठाऊक असलेलं घर त्याहून कठीण. दिवाळीआधी बाया मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात, तिथंच मळून पत्रे लावत. पटल्यांच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, घरचे पत्रे लावायची तुलसा, आणि भाजून आलेले डबे गावात वाटायची थोरली जाऊ धुरपताबाई. वाहवा वाटणारीची.

एवढं तिनं गिळलंही असतं. पण अठ्ठ्याहत्तर साली पोवार समाजाच्या महिला मंडळानं नव्या नवरींना द्यायला पाककृतींचं पुस्तक छापायला घेतलं. तुलसाचा नवरा दुधराम आदल्याच वर्षी गेला होता.

"शुभाच्या पुस्तकात रांडव बाईचं नाव कायले?" असं म्हणत धुरपताबाईनं नानकटाई स्वतःच्या नावावर देऊन टाकली. पलीकडच्या खोलीत तुलसा मैदा चाळत होती. तिनं सगळं ऐकलं, आणि त्या दिवसापासून राग असा जपला की उतू जाणाऱ्या दुधालाही कुणी इतकं जपत नाही.

दोन हजार सात साली मंडळाला त्या जुन्या पुस्तकाचा पुळका आला. अध्यक्ष योगेश्वरी घरी येऊन सांगून गेली की गोंदियाच्या सभागृहात धुरपताबाईंचा सत्कार करायचा आहे. तिला चहा देता देता तुलसा गोड आवाजात म्हणाली, "नुसती शाल कायले देता? बाईच्या हातानं स्टेजवरच करून घ्या ना. नव्या पोरी पाहतीन."

योगेश्वरीला ते फार पसंत पडलं. धुरपताबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुलसा, मले कुठं येते वो?" पाहुणी गेल्यावर ती म्हणाली.

"मी गोळा मळून डब्यात देतो ना. तुमी नुसते गोल करजा."

सत्काराच्या दिवशी माईक लागला, ओव्हन तापला, धुरपताबाईनं ऐटीत डबा उघडला. आत कोरडा मैदा. तूप वेगळं, साखर वेगळी. तुलसा पहिल्या रांगेत बसली होती, लग्नाला आल्यासारखी.

धुरपताबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि पोळीची कणीक भिजवावी तसं तांब्याभर पाणी मैद्यात ओतलं. सभागृहातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. नानकटाई मळायची ती तुपात, तिला पाण्याचा थेंब चालत नाही, हे एकदा भट्टीवर जाऊन आलेली पोरगीही जाणते. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुलसा, वर ये ना वो."

"पुस्तकात तुमचं नाव हाय ना, बाई? वाचा अन् करा."

तुलसाला दया आली का? छे! तीस वर्षांत तिच्या जिवाला इतकं गार वाटलं नव्हतं.

धुरपताबाईची बोटं चिकट लगद्यात रुतली होती. "मले येत नाही," ती पुटपुटली. "हे तुलसाचं होय. ती रांडव झाली म्हणून मीच पुस्तकातून तिचं नाव काढलं."

योगेश्वरी लगबगीनं खाली आली आणि तुलसाला स्टेजवर न्यायला तिनं हात धरला. तुलसानं तो सोडवून घेतला.

"मांगच्याइले आयकू नाही आलं, बाई," ती म्हणाली. "माईक तोंडाजवळ घ्या अन् पुन्हा सांगा."