इंदापूरच्या माळावरचे रिकामे सूप

जायचे ठरवले ते मी नव्हे, माझ्या पत्नीने. इंदापूरजवळच्या एका वस्तीवर ख्रिस्ती मंडळीचा हंगामाचा सण होता आणि माझे मित्र यशवंतराव यांनी बोलावले होते. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे ते चर्चचे पाळक झाले आणि मी पुण्यात एका शाळेत गणित शिकवू लागलो. "यंदा नको," असे मी कळवणार होतो, तेवढ्यात कमल म्हणाली, "जाऊन या. इथं दोघं एकमेकांची तोंडं चुकवत बसतो. एकानं तरी बाहेरचा वारा घ्यावा."

आमचा मुलगा मनोहर विषमज्वराने गेला त्याला वर्ष उलटून गेले होते. तेव्हापासून घरात त्याचे नाव निघत नसे. रविवारी मी चर्चमध्ये उभा राहत असे, पण प्रार्थना संपल्यावर 'आमेन' म्हणत नसे. मनात नाही ते तोंडाने म्हणणे मला खोटे वाटे. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याची, वेळ झाली की मी मागच्या दाराने बाहेर पडे. शेवटी शेवटी तर परसातल्या विहिरीच्या काठाशी थांबायचे मी टाळू लागलो होतो, आणि का टाळतो हे कमलला सांगितले नव्हते. वाचकाला एवढे ठाऊक असलेले बरे, नाही तर पुढचे सारे नुसते गूळ आणि धूळ वाटेल.

पुण्याहून बारामतीला दोन वाटांनी जाता येते. एक दौंडवरून, छोट्या गाडीने. ती फार सावकाश जाते, पण बसायला जागा मिळते. दुसरी वाट नीरा स्टेशनावर उतरून कालव्याच्या कडेने सर्व्हिस मोटारीची. माघात जाणाऱ्याने ही दुसरीच धरावी. धुळीसाठी एक पंचा मात्र जवळ असू द्यावा. वडगाव निंबाळकर मागे पडले की दोन्ही अंगांना ऊस लागतो, आणि मोटार हिरव्या बोळातून चालल्यासारखी चालते. पणदऱ्याला इंजिनातले पाणी उकळले. ड्रायव्हर डबा घेऊन उतरला, आणि उतारू शेजारच्या गुऱ्हाळाकडे वळले.

"रोज बराबर गुऱ्हाळापाशीच कशी तापती वो तुमची मोटार?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"तिला बी वास येतो, आबा," ड्रायव्हर म्हणाला.

गुळव्याने उसाच्या चिपाडावर गरम काकवी दिली. पैसे घेईना. काहिलीतली काकवी गोड लागली, आणि गोड लागली याचेच मला वाईट वाटले. मनोहरने चिपाड चाटूनपुसून पुन्हा पुढे केले असते. असा विचार आला की मी तो तिथेच मिटवत असे. तसाच मिटवला आणि मोटारीत जाऊन बसलो.

बारामतीत मुक्काम केला. बाजाराजवळच्या खाणावळीत भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा असे जेवण मिळते. भाजी झणझणीत असते, तेव्हा ताक आधीच मागून घ्यावे. संध्याकाळी कऱ्हेच्या काठाने फिरलो. सणाला मोकळ्या हातांनी कसे जायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात पेरू आणि मोसंबी घेतली. निवडताना मी दुकानदाराला इतके सतावले की तो म्हणाला, "साहेब, पोरगी बघाया आलाय का पेरू?"

इंदापूरच्या वाटेवर कालव्याचा काठ सुटला आणि रंगच बदलला. ऊस संपला आणि ज्वारी सुरू झाली. आधी ती पुरुषभर उंच होती. पुढे कमरेएवढी राहिली, आणि मग काही रानांत नुसती वाळकी ताटे उभी दिसली. यशवंतराव इंदापुरात बैलगाडी घेऊन थांबले होते. "सलाम," ते आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने म्हणाले. मला न्याहाळून पुढे एवढेच बोलले, "वाळलास." वाटेत त्यांनी पिकापाण्याच्या गोष्टी सांगितल्या. माझ्या दुःखाचा विषय त्यांनी काढला नाही. त्याबद्दल मी मनातून त्यांचे आभार मानले.

वस्ती गावाबाहेरच्या माळावर आहे. तिची विहीर वेगळी, वाट वेगळी. ख्रिस्ती मंडळीचे मंदिर मातीच्या भिंतींचे, वर पत्रा, खाली सारवलेली जमीन. सणाच्या सकाळी लोक आपापल्या हंगामातले पहिले उत्पन्न घेऊन आले आणि वेदीपुढे सुपांतून मांडू लागले. कणसे होती, हरभरा होता, एक भोपळा होता, पाय बांधलेली एक कोंबडी होती आणि ती प्रत्येक गीताला आपला सूर लावत होती. ढोलकी आणि टाळ रंगात आले होते. मला पाहुणा म्हणून पुढेच बसवले होते.

माझ्यासमोर एका उंच, हडकुळ्या बाईने सूप ठेवले. ते रिकामे होते. तिचे नाव सारूबाई, हे मला नंतर कळले. मला वाटले, बिचारीजवळ आणायला काही नाही आणि चारचौघांत तिची मान खाली जाणार. ती बाजूला वळली तेव्हा मी हळूच माझे पेरू आणि मोसंबी तिच्या सुपात ओतली.

"ए बाबा! कुणाचं हाय ह्ये?" तिने सगळ्यांदेखत विचारले.

"माझंच आहे, बाई. राहू द्या. शोभेल."

"शोभाया हितं काय लगीन हाय? काढ ते! माझ्या सुपात अवंदा काय आलं न्हाय. देवाला त्येच दावायचं हाय. तू पेरू भरलंस तर त्यो म्हणंल, सारूचं झ्याक चाललंय."

लोक हसले. मागून कोणी म्हणाले, "मावशे, पावणा हाय त्यो, पुण्याचा."

"मग पावण्यावानी बसू दे की! आधी देवाला बघू दे. मग भरा काय भरायचं ते."

कान तापले होते तरी मी फळे एकेक करून परत पिशवीत टाकली. यशवंतराव माझ्याकडे वाकून म्हणाले, "तुला सांगायचं राहिलं. ज्याचं पीक गेलं, तो इथं रिकामं सूप आणतो. मी आलो त्याच्या आधीपासूनची रीत आहे."

गीते झाली. भरलेल्या सुपांवर आभाराची प्रार्थना झाली. मग रिकामी सुपे आणलेली माणसे एकेक करून उठली. सारूबाईने आपले सूप डोक्याच्या वर धरले.

"देवा, मी पेरलं. हस्तानं तोंड दावलं न्हाय. ताटं गुडघ्याएवढी झाली आन् वाळली. म्हस गाभडली. मी लई रागात हाय तुझ्यावर. पर आलेय. बघ."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली.

ते 'आमेन' माझ्या अंगावर आले. 'सारे ठीक आहे' असा त्याचा अर्थ नव्हता. आम्हीही ऐकले, आणि तूही ऐकलेस, असे ते लोक देवाला बजावत होते. यशवंतरावांनी उपदेश असा केलाच नाही. ते एवढेच बोलले: "वधस्तंभावर आपल्या प्रभूनंही बापाला विचारलं, मला का सोडलंस म्हणून. त्या शुक्रवारी वरून उत्तर आलं नाही. ते तिसऱ्या दिवशी आलं, आणि रिकाम्या कबरेतून आलं. ज्याच्या ओठांवर हा प्रश्न येऊन गेला, त्याच्यापुढे रिकाम्या हातांनी उभं राहायला लाज कसली? आणखी कोणी आहे का?"

मी उभा राहिलो. उभे राहायचे मी ठरवले नव्हते. हात कुठे ठेवावेत ते कळेना, तेव्हा सारूबाईने आपले सूप माझ्या छातीशी ढकलले. "ह्ये घे. माझं झालं."

मी ते वर धरले. बोलायचे पुष्कळ होते, पण तोंडून एवढेच निघाले: "प्रभू, माझा मनोहर गेला. मी आलो आहे."

"आमेन," लोक म्हणाले. त्यांच्या मागोमाग मीही म्हणालो. या खेपेला ते खोटे नव्हते.

मग लोक उठले, आणि आपल्या सुपांतले ओंजळ ओंजळ रिकाम्या सुपांत घालू लागले. माझ्या हातातले सूप जड होत गेले. मी ते सारूबाईपुढे ठेवले आणि भीत भीत पिशवी उघडली. "आता चालतील का?"

"आता चालंल," ती म्हणाली. एक पेरू उचलून दाबून पाहिला. "ह्यो दबलाय पर."

त्या दिवशी मी प्रभुभोजन घेतले. दुपारी पंगत बसली. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची आमटी, शेवटी गुळाचा खडा. मी पोटभर जेवलो, आणि जेवण गोड लागले याचे वाईट वाटले नाही. पण मी संशयी माणूस आहे. हा ढोलकीचा आणि गर्दीचा परिणाम तर नाही? दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर एकटाच वस्तीच्या विहिरीवर गेलो. पोहरा सोडला, पाणी ओढले, तोंड धुतले. बराच वेळ काठावर बसलो. पाणी खोल होते आणि थंड होते. त्यापलीकडे मनात काही आले नाही. मग मोठ्याने त्याचे नाव घेऊन पाहिले. रडू आले, ते येऊ दिले.

परतीला इंदापूरहून मोटारीने भिगवणला यावे आणि तिथून पुण्याची गाडी धरावी. ही वाट सोपी आहे. स्टेशनावर चहा मिळतो. तो न घेतला तरी चालेल.

घरी आल्यावर कमलला सगळे सांगितले. सूप, पेरू, माझी झालेली फजिती. त्यावर ती कितीतरी दिवसांनी हसली. मग मी मनोहरचे नाव घेतल्याचे सांगितले, आणि तिचा चेहरा पालटला.

"परक्या माणसांत घेतलंत त्याचं नाव? माझ्यापुढे नाही?"

तिचे खरेच होते.

या प्रवासातून काय उरले, असे कोणी विचारले तर मला जपूनच सांगितले पाहिजे. मनोहर का गेला, हे मला कळलेले नाही. कोणी ते समजावून सांगू लागले तर आजही मी उठून जाईन. पण हा प्रश्न एकट्याने गिळून बसायचा नसतो. तो ज्याला विचारायचा तो मेलेल्यातून उठला आहे, आणि तो ऐकतो, एवढा माझा विश्वास परत आला. मोठा नाही, पण अंग टाकावे इतका भक्कम आहे.

कमल स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर खाली बसली. "डोळे मिटा," म्हणाली. "आज मी बोलते. तुम्ही फक्त आमेन म्हणायचं."

तिने सुरुवातच मनोहरच्या नावाने केली. तो अंथरुणाला खिळल्यापासूनचे सगळे तिने देवाला ऐकवले, एकही दिवस गाळला नाही. मध्ये ती थांबली. मला वाटले, झाले. मी आमेन म्हणालो.

"थांबा हो," ती म्हणाली. "अजून कुठं संपलंय?"