कडीच्या वरची रेघ

आमच्या गावात उंची मोजायची ती वखारीच्या भिंतीवर. नदीकाठच्या त्या जुन्या दगडी इमारतीच्या कोपऱ्यावर प्रत्येक मोठ्या पुराची रेघ कोरलेली आहे, खाली साल. "पोरगी दुसऱ्या पुराला लागली," म्हटलं की ती शाळेत घालायची झाली, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. सगळ्यात वरची रेघ थोरल्या पुराची. ती माझ्या मित्राच्या वडिलांनी कोरलेली.

मित्रही पाथरवटच. मी तोंडाला रंग फासून गावोगाव हिंडलो, तो एकाच अंगणात बसून साठ वर्षं दगड घडवत राहिला. निम्मं गाव त्याने घडवलेल्या उंबऱ्यावर पाय ठेवून घरात शिरतं. बोलणं मोजकं, आवाज तर त्याहून कमी. दगडाच्या भुकटीने छाती धरली होती.

वखार दुरुस्त करून तिथे वाचनालय करायचं आणि शेजारी दवाखाना बांधायचा, असं ठरलं. सारं गाव हरखलं. बांधकाम पाहणारी इंजिनियर पोरगी मोठी हुशार. दवाखान्याचं जोतं थोरल्या पुराच्या रेघेहून हातभर उंच ठेवायचं, असा तिचा हिशोब. तिने विचारलं, "काका, ही रेघ नक्की ना?"

"माझ्या बापाच्या हातची आहे," तो म्हणाला आणि खाली मान घालून निघून गेला.

पुढचे तीन दिवस त्याच्या अंगणातून छिन्नीचा आवाज आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. चहा निवला तरी कप उचलेना.

"लेका, तू नाटकात किती वेळा खोटं बोललास?"

"रोज. पण समोरच्यांनी तसं तिकीट काढलेलं असायचं."

तो हसला नाही. मग हळूहळू सांगू लागला. रीत अशी, की पाणी चढायचं थांबलं की पाथरवटाने होडीतून जाऊन भिंतीवर खिळ्याने खूण करायची आणि पूर ओसरल्यावर तिथेच रेघ कोरायची. थोरल्या पुरात त्याचे वडील वखारीशी पोचले ते तिसऱ्या प्रहरी. तोवर पाणी दीड हात उतरलं होतं, आणि पावसाने सगळी भिंत ओलीच, त्यामुळे पाणी कुठवर चढलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी दिसलं तिथे खूण केली. मित्र तेव्हा लहान, आईबरोबर वखारीच्या माळ्यावर अडकलेला. माल चढवायच्या दोराची लोखंडी कडी पाण्याखाली गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. कडी रेघेहून दीड हात वर आहे.

"बापाला हे मी पुढं सांगितलं. तो म्हणाला, आता सगळं गाव त्या रेघेवर चालतं, राहू दे. मरताना मात्र म्हणाला, कडी बुडाली होती, सांगायला हवं होतं."

"मग सांग."

"पासष्ट वर्षं लोक त्याचं नाव घेतात ते त्या रेघेमुळं. आणि खोटा ठरवायचा तो मी, पोटच्या पोराने?" त्याने नदीकडे पाहिलं. "पण खाटांवर पाणी चढेल रे."

पाया भरण्याआधीची सभा वखारीसमोरच होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला. ओठ हलले, पण पहिल्या रांगेलाही काही ऐकू गेलं नाही. त्याने माझा हात धरला. तो कुजबुजणार आणि मी ते मोठ्याने म्हणणार, असं सुरू झालं.

"ही रेघ चुकीची आहे," मी म्हणालो. "चूक त्याच्या वडिलांची..."

त्याने मनगट दाबलं. "मी म्हणतो तसं म्हण."

माझा आवाज कधी नव्हे तो फाटला. "चूक माझ्या बापाची. आणि गप्प बसलो, ती माझी."

मागून एकजण पुटपुटला, "एवढा नावाजलेला माणूस, आणि वेळेवर जाता आलं नाही?"

तेव्हा खुर्चीतली कुंभारीण आजी काठी टेकत उठली. "कसा जाणार? सकाळपासून आमच्या आळीतली माणसं छपरांवरून होडीत उतरवत होता. शेवटच्या खेपेला मी होते, कडेवर सहा महिन्यांची लेक. वेळेवर गेला असता, तर आम्ही दोघी नसतो. आणि तू रे, शहाण्या? तू माझ्या त्या लेकीचाच मुलगा."

शहाणा खाली बसला.

जोतं दीड हात वाढलं. पायऱ्या वाढल्या म्हणून आम्ही म्हातारे कुरकुरतो, ते चालूच आहे. नवी रेघ मित्राने दुसऱ्याच दिवशी परांचीवर चढून कोरली, बरोबर कडीच्या वर. उजवीकडे ती जरा वाकडी गेली. इंजिनियर पोरीने खालून विचारलं, "काका, जुनी रेघ बुजवायची का?"

"नको," तो म्हणाला. "बाप आला तेव्हा पाणी तिथंच होतं."

मग जुन्या रेघेखालच्या सालापुढे त्याने दोन शब्द वाढवले: 'तिसरा प्रहर'. त्यानंतर त्याने दुसरा दगड हातात घेतला नाही.