अनुसूयेच्या अंगातली देवी

माझी धाकटी बहीण अनुसूया वसमतला दिली, तेव्हा तिच्या अंगात ताप सोडून काही येत नव्हतं. साधी, हसरी पोर. हसू आवरेना की पदर तोंडात कोंबायची, तरी आवाज गल्लीत जायचा. देवीबिवी काही नव्हती हो! ती सासऱ्यानं आणली.

हे सासरे बंडोपंत निजामाच्या काळचे, कचेरीत साहेबापुढं कागद ठेवणारे पेशकार. नोकरी सुटली, लोकांचे नमस्कार सुटले. त्यात एका शुक्रवारी, उपासाच्या दिवशी, अनुसूया घामानं भिजली, थरथरली, बरळली, नवऱ्यालाच "तू कोण?" म्हणाली. सासऱ्यानं घाबरून पंचामृत पाजलं. थोड्या वेळात पोरगी शुद्धीवर! झालं, यांनी निकाल दिला: देवी आली, प्रसाद घेऊन तृप्त झाली.

मग दर शुक्रवारी दरबार. हळदीचा भाव चढंल का, लेकरू कधी व्हईल, लोक विचारून राहिले. ती बरळली की बंडोपंत अर्थ सांगून राहिले. देवीला उशीर झाला तर लोक उठून जातात, म्हणून गुरुवारपासूनच सुनेचं जेवण बंद. काय ही अक्कल! तिचा नवरा गोपाळ म्हणजे निव्वळ नंदीबैल. बाप म्हणंल तशी मान हलवायची.

एकदा मी गेले, तर बुधवारीच ती चुलीपुढं कोसळली. मी तोंडात गूळ घातला, तेव्हा डोळे उघडले.

"गंगूताई, मी मरून राहिले गं," म्हणाली.

माहेरपणाला नेते असं खोटं सांगून मी तिला मुंबईला नेलं. मोठ्या दवाखान्यात उपाशी ठेवून रक्त तपासलं. साखर पार तळाला. मग नसेत किरण सोडणारं औषध टोचलं. ते स्वादुपिंडात जमतं म्हणे. पोटावरून यंत्र हळूहळू फिरलं आणि कागदावर ठिपके पडत गेले. सगळीकडं दाट ठिपके, स्वादुपिंडाच्या शेपटाकडं थोडी जागा कोरी. डॉक्टर म्हणाले, "गाठ इथं असावी. पोट उघडल्यावर खात्री होईल. ती नको तितकं इन्सुलिन सोडते, म्हणून उपाशीपोटी साखर उतरते. असंच चाललं तर एक दिवस बाई उठणार नाही."

खबर लागताच बाप-लेक धावत आले. पोखरणचा अणुस्फोट नुकताच झालेला. बंडोपंत वॉर्डातच कडाडले, "सुनेच्या पोटात अणू घातला! आता देवी कापता व्हय?" डॉक्टरांनी ऑपरेशनच्या सहीचा कागद पुढं केला, तर गोपाळ बापाकडं बघून राहिला. मेल्याची बायको मरायला टेकली आणि हा परवानगी मागतो!

अनुसूया खाटेवर उठून बसली. "डॉक्टरसाहेब, माझी सही चालत न्हाई का?"

"चालते की."

तिनं केली. गाठ निघाली, हरभऱ्याएवढी. तेवढ्या दाण्यानं अख्खं वसमत पायावर घातलं होतं.

बरी झाल्यावर मी तिला सासरी पोचवायला गेले. त्या शुक्रवारीसुद्धा बंडोपंतांनी तिला उपाशीच पाटावर बसवलं. लोक ताटकळले. अनुसूया नुसती जांभया देऊन राहिली. शेवटी एकेक जण आपला नारळ परत घेऊन निघाला. बंडोपंतांचं तोंड बघण्यासारखं झालं.

माझ्यावर ओरडले, "देवी गेली! आता हिचं आमी काय करावं?"

मी म्हटलं, "जेवू घाला."

एवढं काही त्यांच्यानं झालं न्हाई. अनुसूया माझ्याकडंच राहते.